वर चार तासांत उतरणारं पाणी खाली दोन दिवस का बसतं? (म्हादई–मांडवी, कड कोसळणं आणि खाजन)

कुळागर_सत्तरी

नमस्कार मंडळी. गोव्यातल्या एकाच नदीवरच्या (वर म्हादई, खाली मांडवी) दोन जागांबद्दल विचारायचं आहे.

पहिली जागा सत्तरीत, म्हादईच्या वळणावरचं कुळागर (माड-पोफळीची बाग). वळणाच्या बाहेरच्या अंगाला आहे. कड साधारण 4 मीटर उंच, वर तांबडी चिकण माती, खाली वाळू आणि गोटे. दर पावसाळ्यानंतर कड आत सरकते आणि समोरच्या काठावर वाळूचा पट्टा रुंदावतो. इथे काँक्रीटची उभी भिंत घालायचा प्रस्ताव आहे.

दुसरी खाली मांडवीतल्या दिवाडी बेटावर, 40 हेक्टरांचं खाजन, म्हणजे खाऱ्या पाण्यापासून बांध घालून राखलेली सखल शेतजमीन. सगळं पाणी एकाच मानशीतून (बांधातल्या दारातून) बाहेर जातं. मोठा पाऊस झाला की वरचा पूर चार तासांत उतरतो, खाली मात्र दोन-दोन दिवस गुडघाभर पाणी उभं राहतं.

भिंत टिकेल का? खालचं पाणी का हलत नाही? आणि नदीतला गाळ काढला तर दोन्हीकडे फरक पडेल, असं सगळे म्हणतात, त्यात किती तथ्य आहे?

सडा_ते_समुद्र

नदी एक असली तरी या कामासाठी तुमच्याकडे दोन नद्या आहेत. त्या साधारण गांजे गावापाशी एकमेकींना भेटतात.

म्हादई भीमगडच्या जंगलात उगम पावते आणि घाट उतरून थोड्याच अंतरात सपाटीला येते. उगमापासून समुद्रापर्यंत तिची सगळी लांबी 80 किलोमीटरच्या आसपास. उतार तीव्र, पाणलोट लहान, आणि घाटमाथ्याखालचा पाऊस किनाऱ्यापेक्षा बराच जास्त. एका चौरस किलोमीटरवर 100 मिलिमीटर पाऊस पडला की 1 लाख घनमीटर पाणी होतं. जुलैपर्यंत माती पाण्याने गच्च झालेली असते, त्यामुळे यातलं बरंचसं मुरत नाही, सरळ व्हाळात (ओढ्यात) येतं. म्हणून इथला पूर तासांत चढतो आणि तासांत उतरतो. 23 जुलै 2021 ला सत्तरीत रगाडा नदीवरचा पैकुळचा पूल वाहून गेला, तो याच प्रकारचा पूर.

गांजेच्या खाली सुमारे 50 किलोमीटर भरती-ओहोटीचं राज्य. याचं कारण जुनं आहे. सुमारे 20 हजार वर्षांपूर्वी समुद्राची पातळी आजच्यापेक्षा 120 मीटरच्या आसपास खाली होती, आणि नदीने त्या हिशेबाने आपली दरी खोल कोरली होती. पुढे समुद्र चढला, दरी बुडाली, आणि बुडालेल्या दरीत चिखल साचत गेला. दिवाडी, चोडण आणि त्यांच्या भोवतालची सपाट खाजनं ही त्याच चिखलाची. सपाटी इतकी की उतार जवळजवळ नाहीच. इथे पाणी किती भरभर जाईल हे नदीच्या हातात नाही, समुद्राच्या हातात आहे.

तुमच्या दोन्ही जागांचे उपाय त्यामुळे वेगळे. एका जागेचा उपाय दुसरीकडे लावला की पैसे पाण्यात, आणि हे सरकारी अंदाजपत्रकांत सर्रास घडतं.

दगडजाळी

कडेपुरतं लिहितो.

वळणावर वरचं वेगवान पाणी बाहेरच्या काठावर आपटतं, काठाशी खाली बुडी मारतं, तळ खरवडतं आणि ती वाळू तळातून आतल्या काठाकडे नेतं. समोर वाढणारा पट्टा म्हणजे तुमच्याच बाजूच्या आणि वरच्या वळणांच्या काठाची माती. सगळ्यात जास्त खणणं वळणाच्या ऐन मध्यावर नसतं, थोडं खालच्या अंगाला असतं. संरक्षण तिथवर न्यायला लोक विसरतात.

दुसरं म्हणजे कड बहुतेक वेळा पूर चढताना पडत नाही, उतरताना पडते. पुरात चिकण माती पाणी पिऊन जड होते. बाहेरचं पाणी झपाट्याने खाली गेलं की तिला आधार राहत नाही, आतलं पाणी मात्र तसंच असतं. खालची वाळू आधीच पोखरलेली, म्हणून वरचा अख्खा ठोकळा बसतो. चार तासांत पूर उतरणाऱ्या नदीवर हे हमखास होतं.

आता उभ्या भिंतीचं. ती तीन ठिकाणी मार खाते. पाया खरवडीच्या खोलीखाली गेलेला नसेल तर पायथा उघडा पडतो आणि भिंत नदीकडे कलते. पाणी जायला भोकं नसतील, किंवा भोकांमागे खडीचा थर नसल्याने ती मातीने बुजली असतील, तर उतरत्या पुरात मागचं पाणीच भिंत ढकलतं. आणि दोन्ही टोकं काठात आत वळवून बसवली नाहीत तर नदी वरच्या टोकाला वळसा घालून भिंतीच्या मागे शिरते. शिवाय गुळगुळीत भिंतीशी वेग वाढतो. तो जोर पुढच्या वळणावरच्या शेजाऱ्याला भोगावा लागतो.

त्यापेक्षा हे करा. एप्रिल-मेमध्ये पाणी कमी असताना खुणा केलेला बांबू घेऊन काठाशी तळाची खोली मोजा, दर 5 मीटरला एक नोंद. कडेचा उभेपणा काढून उतार करा, शक्य असेल तिथे 1 उभं : 2 आडवं. मातीवर जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं कापड) किंवा बारीक-जाड खडीचा गाळणी थर, त्यावर जाळीतल्या दगडांच्या पेट्या. गाळणी थर नसेल तर पेट्यांच्या फटींतून खालची वाळू निघून जाते आणि दोन-तीन पावसाळ्यांत सगळं खचतं. पायथ्याला तळावर सपाट जाळीची चटई पसरा, तिची रुंदी अपेक्षित खरवडीच्या दीडपट. म्हणजे 2 मीटर खरवड धरली तर 3 मीटर. तळ खणला गेला की चटई वाकून खाली बसते आणि पायथा झाकते. दगड जाळीच्या भोकापेक्षा मोठा आणि काळा घ्या. चिरा (जांभा) हलका, भिजून-सुकून झिजतो, तो इथे नको.

झाडांत शेरणी, वाळुंज, करंज पाण्याच्या रेषेजवळ, वर वाळा. माड-पोफळीची मुळं कड धरत नाहीत. बांबूचं बेट वरवर मजबूत दिसतं, पण मुळं उथळ. खालून पोखरलं की बेटासकट कड घेऊन जातं. आणि पायथ्याचं काम न करता नुसती झाडं लावली तर तीही जातील.

घाटपाणी

वर एका गोष्टीची भर. जवळपास फळ्यांचा बंधारा आहे का बघा. मे संपण्याआधी फळ्या काढल्या नाहीत की पहिल्या पुरात झाडांचे ओंडके त्यांना अडकतात. पाणी मग मधून जाण्याऐवजी बंधाऱ्याच्या बगलेने काठ फोडतं. कित्येक ठिकाणची 'नदीने जमीन खाल्ली' ही तक्रार खरं म्हणजे चार फळ्यांची असते.

रेतीवाला_नव्हे

एवढा खटाटोप कशाला? नदी गाळाने भरली आहे. खाणींची माती, वरून आलेली वाळू, सगळं तळाशी बसलंय. दोन मीटर खोल करा, दोन्ही प्रश्न सुटतील.

मानसकार

नाही सुटणार, आणि दोन्हीकडे न सुटण्याची कारणं वेगळी आहेत.

वर सत्तरीत खड्डा केला तर पुढचा मोठा पूर तो भरतो. भरेपर्यंतच्या काळात खड्ड्याच्या वरच्या कडेपासून तळ मागे-मागे खचत जातो आणि काठांचे पायथे उघडे पडतात. वाळूचा उपसा जिथे बेसुमार झाला तिथे काठ कोसळण्याचं हे मुख्य कारण आहे. समोरचा पट्टा उचलला तरी तुमची कड वाचत नाही, कारण खणणारा प्रवाह वळणामुळे आहे, पट्ट्यामुळे नाही.

खाली दिवाडीला नदी 2 मीटर खोल केली तरी भरतीची पातळी समुद्र ठरवतो, ती खाली येत नाही. खोल पात्रातून खारं पाणी मात्र आणखी वर सरकेल. खाणमाती भरपूर आली हे खरं आहे, डिचोलीच्या बाजूला विशेष. गाळ काढायचा तर व्हाळांच्या तोंडाशी, मोऱ्यांखाली आणि खाजनाच्या आतल्या पोयीत (पाणी मानशीपर्यंत नेणाऱ्या चरात) काढा. तिथे फरक पडतो.

आता तुमचे दोन दिवस, हिशेब करून. 40 हेक्टरांवर अर्धा मीटर पाणी म्हणजे 2 लाख घनमीटर. मानशीचं मोकळं तोंड 1.2 × 1.5 मीटर धरू. ओहोटीला आत-बाहेर सरासरी 30 सेंटिमीटर फरक मिळाला तर सेकंदाला साधारण 2.6 घनमीटर पाणी जातं. भरती-ओहोटीचं चक्र सुमारे 12 तास 25 मिनिटांचं. त्यातले बाहेरची पातळी आतल्यापेक्षा खाली असण्याचे तास 5 धरा. एका ओहोटीला 47 हजार घनमीटर, दिवसाला 94 हजारांच्या आसपास. म्हणजे दोन दिवस लागणारच, आणि तेही पाऊस थांबला तर. त्यात 50 मिलिमीटर पाऊस पडला की आणखी 20 हजार घनमीटर. पुरात नदीच चढलेली असली तर 5 तासांचे 2 होतात.

म्हणून आधी मानस तपासा. दारं बाहेरच्या बाजूला उघडणारी असावी लागतात: आतलं पाणी चढलं की आपोआप उघडतात, भरती आली की आपोआप मिटतात. बिजागरी गंजली, दाराखाली लाकूड अडकलं, फळी कुजली की हे बिघडतं. मासळीसाठी भरतीला दार मुद्दाम उघडं धरण्याची खोड आहे. मानशीची पावणी (मासळी धरण्याच्या हक्काचा लिलाव) देताना दार कोण, कधी हाताळणार हे लेखी ठरवा, नाहीतर भाताचं नुकसान आणि मासळीचा नफा वेगवेगळ्या घरी जातो. तोंड अपुरंच असेल तर दुसरी मानस घालणं हा खरा उपाय. तोंड दुप्पट झालं, शिवाय पोय दोन्हींपर्यंत मोकळी असली, तर वेळ साधारण निम्मा होतो.

कुळागर_सत्तरी

आभार, बरंच उलगडलं. बांधाला खेकड्यांची बिळं आहेत आणि एका जागी मागे खांड (भगदाड) पडलं होतं. तिथे माती टाकली की पुन्हा बसते. शिवाय वरच्या धरणाने दारं उघडली म्हणून पाणी आलं, असं गावात बोलतात.

मानसकार

खांड पडलं की पाणी तिथे खोल कोंड (डोह) करतं. त्या कोंडावर सरळ रेषेत बांध घालू नका. आतल्या बाजूने वळसा घालून अर्धगोल बांध घ्या. मातीचे थर 20 ते 25 सेंटिमीटरचे, प्रत्येक थर तुडवून. चिकण चिखल, वाळू नको. नदीच्या बाजूला चिऱ्यांची किंवा दगडांची बसवणी, कारण लाटा आणि होड्यांचे हेलकावे तिथेच लागतात. (इथे चिरा चालतो, वेग कमी असतो.) बाहेर खारफुटी असेल तर ती लाटा मोडते, तोडू नका. काम भांगाच्या दिवसांत, अष्टमीच्या आसपास, भरती कमी असताना. उधाणात नवा बांध टिकत नाही. बिळं वरून बुजवून उपयोग नाही, खणून आत चिखल ठासावा लागतो. आणि सगळं पावसाळ्याआधी पुरं झालं पाहिजे. जमिनीत शिरलेलं मीठ पहिल्या पावसाने धुऊन ओहोटीला मानशीतून बाहेर जायला हवं, तरच कोरगुट (खाजनातलं खारं सोसणारं भात) उभा राहतो.

सडा_ते_समुद्र

धरणाबद्दल. ऑगस्ट 2019 मध्ये तिळारी धरणाच्या विसर्गानंतर शापोरा नदीच्या खोऱ्यात साळ, इब्रामपूर, हसापूर, चांदेल या भागांत पाणी शिरलं, तेव्हा गावात बोलतात ते अगदीच हवेतलं नाही. पण शापोऱ्याचं पाणी तुमच्याकडे येत नाही. तुमच्या खोऱ्यात बघायचं ते अंजुणे धरण. त्याचं पाणी वाळवंटी नदीत उतरतं आणि पुढे मांडवीत येतं, म्हणजे तुमच्या कुळागराला त्याचा संबंध नाही, खाजनाला असू शकतो.

पूर अडवण्यापुरतं धरण म्हणजे त्यातली रिकामी जागा. जुलैतच काठोकाठ भरलं तर नंतर आलेलं सगळं पाणी पुढे सोडावंच लागतं. साळावली धरणाला तर दारंच नाहीत, पाणी सांडव्याच्या काठावरून आपसूक ओसंडतं.

साखळीच्या बाजारात तिसराच प्रकार असतो: वाळवंटी चढली की नाल्याचं पाणी तिच्यात शिरू शकत नाही, म्हणून ते पंपाने उपसून टाकावं लागतं.

संशय फेडायचा असेल तर मानशीच्या खांबावर आत आणि बाहेर दर 10 सेंटिमीटरला रंगाची खूण करा. पावसाच्या दिवसांत दर तासाला दोन्ही आकडे, मुरगावचं भरतीचं वेळापत्रक आणि वाळपईचा पाऊस शेजारी-शेजारी लिहा. बाहेरचा आकडा भरतीबरोबर वरखाली होत असेल तर प्रश्न मानशीचा. ओहोटीलाही तो उतरत नसेल तर वरून पूर येतोय. पाऊस नसताना एकाएकी चढला, तर धरणाच्या विसर्गाची वेळ विचारायला जलस्रोत खात्याकडे जा. बांधाचं किंवा नव्या मानशीचं काम काढण्याआधीही तिथे आणि किनारपट्टी व्यवस्थापन प्राधिकरणाकडे विचारा: भरतीच्या पाण्याचा भाग सीआरझेडमध्ये (किनारपट्टी नियमन क्षेत्रात) येतो, आणि 2011 च्या अधिसूचनेत गोव्याच्या खाजनांसाठी स्वतंत्र तरतूद आहे.