लुटीतल्या घंटा
लुटीतला माल शेवटी संग्रहालयातच जातो असं म्हणतात, पण नाशिककराला ते पटायचं नाही. रामकुंडाजवळ नारोशंकराच्या देवळाच्या तटावर घंटा टांगलीय ना, ती पोर्तुगीज! १७३९ साली चिमाजीअप्पांनी वसई घेतली, त्या विजयाची खूण. आमची आजी कर्कश बोलणाऱ्याला ‘नारोशंकराची घंटा’च म्हणायची (बहुतेक वेळा मलाच).

स्पेनमध्ये तर याहून भारी. ९९७ मध्ये कोर्दोबाचा मुस्लिम सत्ताधीश अल-मन्सूरने सांतियागो या ख्रिस्ती तीर्थक्षेत्राच्या घंटा ख्रिस्ती कैद्यांच्या खांद्यांवरून कोर्दोबाला नेल्या, तिथे मशिदीत त्यांचे दिवे झाले म्हणतात. १२३६ मध्ये ख्रिस्ती राजा तिसऱ्या फर्नांदोने कोर्दोबा जिंकलं आणि त्याच घंटा मुस्लिम कैद्यांकरवी परत धाडल्या. जवळजवळ अडीचशे वर्षं लक्षात ठेवून!