हणजूणच्या खडपावरचं शेवाळ कमी झालंय की मलाच तसं वाटतंय?

म्हापशेकार: नमस्कार मंडळी. माझं आजोळ गोव्यातल्या हणजूणचं. लहानपणी ओहोटीला आईबरोबर शिनाणे (खायचे शिंपले) काढायला खडपावर, म्हणजे किनाऱ्यावरच्या कातळावर जायचो तेव्हा तपकिरी शेवाळाचे एवढे झुपके असायचे की पाय कुठे ठेवायचा कळायचं नाही, आणि त्यातले मण्यांएवढे फुगे आम्ही बोटांनी टप्प करून फोडायचो. परवा मुलीला मुद्दाम ते दाखवायला नेलं तर जांभा उघडा पडलेला, वर प्लास्टिकच्या कागदासारखं पातळ हिरवं काहीतरी चिकटलेलं. "बाबा, फुगे कुठायत?" म्हणाली, मला काही सांगता येईना. तेव्हापासून चैन नाही. खरंच संपलं का ते?

ओहोटीवाली: दादा, तुम्ही मे महिन्यात गेलात ना. ते फुगेवालं म्हणजे सरगॅसम, पाऊस ओसरला की वाढायला लागतं, डिसेंबर ते फेब्रुवारी भरात असतं आणि मग उन्हाळ्याच्या ओहोटीत ऊन लागून सुकतं, गळतं. खडपाला धरलेलं बूड बऱ्याचदा राहतं, त्यातून परत फूट येते. म्हणून मे बघून निकाल लावू नका. पावसात गेलात तर वरच्या खडपावर पोर्फिरा नावाचं जांभळट पातळ शेवाळ दिसेल, जपानी लोक खातात त्या नोरी शेवाळाचं जवळचं भावंड.

कातळकार: ताईंचं बरोबर, पण सगळं सीझनवर ढकलू नका हो. ते हिरवं म्हणजे उल्व्हा. सांडपाण्यातून खत मिळालं की ती भराभर माजते, आणि खडपावर गाळ बसला की सरगॅसमच्या कोवळ्या रोपांना धरायला जागाच राहत नाही. त्यात समुद्र तापतोय. पश्चिम ऑस्ट्रेलियात २०११ च्या उष्णतेच्या लाटेत किनाऱ्यालगतचं सुमारे १०० किमीचं केल्पचं (मोठ्या तपकिरी शेवाळाचं) जंगल गेलं, आणि पाच वर्षांनीही परत आलं नव्हतं. ते थंड पाण्यातलं आणि आपलं उष्ण पाण्यातलं, त्यामुळे इथेही तेच झालं असं मी म्हणणार नाही, पण मोजल्याशिवाय "काही झालेलं नाही" असं तरी कसं म्हणायचं?

ओहोटीवाली: मोजायचंच तर सोपं आहे. पीव्हीसी पाइपची अर्धा मीटरची चौकट करा, आत दोऱ्याने २५ घरं पाडा. दरवर्षी तोच महिना, तीच उधाणाची ओहोटी, त्याच जागा. किती घरांत सरगॅसम, किती घरांत उल्व्हा, किती खडप उघडं, एवढं लिहायचं आणि वरून सरळ फोटो काढायचा. एका चौकटीवर भागत नाही, निदान दहा ठिकाणी ठेवा. उपटून मात्र काही आणू नका, बूड गेलं की पुढची फूट गेली. आणि घरातले जुने फोटो शोधा, त्या काळचं दुसरं काय हाताशी आहे आपल्या?

म्हापशेकार: ताई, काल मामाकडे पेटी उघडली. मामेभावाच्या बारशाला गेलो होतो तेव्हाचा आईचा फोटो मिळाला, खडपावर उभी, पायाशी घोट्यापर्यंत शेवाळ. मागे तारीख नाही, पण भाऊ २ जानेवारी १९८७ चा, म्हणजे फोटो जानेवारीतलाच. मागचा फुटका कातळ अजून तसाच आहे, मी ओळखला. येत्या जानेवारीत पहिली चौकट तिथेच ठेवतो, मुलगी घरं मोजेल.