एका बँकेने कार्ड नाकारलं, लगेच दुसरीकडे अर्ज करावा का?

कोथरूडकर:
मंडळी, गेल्या महिन्यात एका बँकेने माझा क्रेडिट कार्डाचा अर्ज फेटाळला. कारण दिलं 'अंतर्गत धोरण', बस्स. सिबिल स्कोअर (कर्जफेडीची पत दाखवणारे गुण) 761 होता, आता 752 दिसतोय. सध्या एकच कार्ड आहे, लिमिट 60,000. बिल 42,000च्या आसपास येतं आणि दर महिन्याला पूर्ण भरतो. ॲपवर सारखा स्कोअर बघतो म्हणून तो घसरला का? आणि दुसऱ्या बँकेत आत्ता अर्ज केला तर?

हिशेबी:
स्वतःचा स्कोअर दिवसातून दहादा बघा, काही बिघडत नाही. ती सॉफ्ट एन्क्वायरी (चौकशी), बँकांना दिसतही नाही. तुमच्या अर्जावर बँक तुमच्या कर्ज-कार्डांच्या नोंदींचा रिपोर्ट मागवते ती हार्ड. रिपोर्टच्या एन्क्वायरीच्या भागात बँकेचं नाव, तारीख, कर्जाचा प्रकार आणि रक्कम अशी एक ओळ पडते. अर्ज मंजूर झाला की नाही हे तिथे लिहिलेलं नसतं, पण एन्क्वायरी आहे आणि पाठोपाठ नवं खातं नाही, यावरून पुढची बँक काय ते ओळखते.

अशा एका ओळीने स्कोअर थोडा हलतो, 9 गुणांची चिंता करू नका. महिन्याभरात चार-पाच ओळी दिसल्या तर मात्र माणूस पैशांसाठी वणवण करतोय असा अर्थ निघतो. मॉलमधल्या एजंटाला कागदपत्रं देताना म्हणूनच जपा. 'तीन बँकांत टाकून बघू' म्हणाला, तर तीन ओळी तुमच्या नावावर पडणार.

वजाबाकी:
खरी अडचण मला त्या 42,000मध्ये दिसते. 60,000वर 42,000 म्हणजे 70 टक्के वापर. साधारण 30 टक्क्यांच्या आत, म्हणजे तुमच्या बाबतीत 18,000च्या खाली असलेला बरा. 'पण मी पूर्ण भरतो' हे बरोबर, त्याने व्याज वाचतं आणि हप्त्यांचा इतिहास स्वच्छ राहतो. पण ब्युरोकडे (सिबिलसारख्या स्कोअर काढणाऱ्या कंपनीकडे) जाते ती ठरावीक तारखेला कार्डावर असलेली बाकी. 2025च्या जानेवारीपासून बँकांना महिन्यातून किमान दोनदा ही माहिती द्यावी लागते. त्यामुळे देय तारखेची वाट न पाहता बिल तयार होण्याआधीच 25-30 हजार भरून टाका, आणि महिनाभर बाकी कमी राहील असं बघा. दोन-तीन महिने हे पाळा, मग अर्ज करा.

जुनं कार्ड बंद करू नका. लिमिटही जाईल आणि जुनेपणाचा फायदाही.

नियमपुस्तक:
'अंतर्गत धोरण' या उत्तरावर गप्प बसू नका. रिझर्व्ह बँकेच्या कार्डविषयक निर्देशांनुसार अर्ज नाकारल्याचं नेमकं कारण बँकेने लेखी कळवायचं असतं. तक्रार निवारण अधिकाऱ्याला ई-मेल करून ते मागा.

दरम्यान सिबिल, एक्स्पिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चौघांकडून रिपोर्ट काढा; प्रत्येकाकडून वर्षातून एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. नुसता स्कोअर बघून भागत नाही. पत्ता, पॅन, आणि प्रत्येक खात्याखालचे थकीत दिवस वाचा: 000 ठीक, 030 म्हणजे 30 दिवस उशीर. फेडलेलं जुनं कर्ज अजून चालू दिसत असेल किंवा 'सेटल्ड' (पूर्ण रक्कम न भरता तडजोडीने मिटवलेलं) असा शेरा असेल, तर 752 असूनही नकार येऊ शकतो. चूक सापडली तर ब्युरोकडे ऑनलाइन तक्रार नोंदवा. 30 दिवसांत निकाली निघाली नाही, तर त्यापुढच्या दर दिवसाला 100 रुपये भरपाई आहे.

कोथरूडकर:
धन्यवाद. पगाराच्या खात्याच्या बँकेच्या नेटबँकिंगमध्ये 'प्री-अप्रूव्हड कार्ड' दिसतंय. ते घेतलं तर एन्क्वायरी पडत नाही ना?

हिशेबी:
पडू शकते. ऑफर दाखवताना पडत नाही, पण तुम्ही 'पुढे जा' दाबलंत की बरेचदा रिपोर्ट मागवला जातो. आधी संमतीचा मजकूर वाचा. ब्युरोकडून माहिती घेण्याची परवानगी त्यात असेल तर ओळ पडणार हे धरूनच चाला. तरी पगार त्यांच्याच खात्यात येतो, त्यामुळे बाहेरच्या बँकेपेक्षा इथे मंजुरीची शक्यता जास्त. इथेही जमलं नाही तर मुदत ठेवीवरचं कार्ड घ्या. तारण असल्यामुळे स्कोअरची अट सैल असते, आणि लिमिट ठेवीच्या रकमेवर ठरतं.