हेवी क्वार्कच्या क्षयावर प्रकल्प: सोलापूरच्या पोरीनं करावा का?

सातरस्ता_सोलापूर: भाची इथंच एम.एस्सी. फिजिक्स करतेय. प्रकल्पाला तिनं बी-क्वार्क या जड मूलकणाचा क्षय (म्हणजे तो हलक्या कणांत बदलणं) घेतलाय आणि घरात सगळे विरोधात. मी तिच्या बाजूनं. हा क्वार्क ज्यात असतो तो बी-मेसॉन जेमतेम दीड पिकोसेकंद (सेकंदाच्या लाख कोटीव्या भागाच्या दीडपट) जगतो, पण जे जड कण आपल्या यंत्रांत थेट तयार करता येत नाहीत, त्यांचा प्रभाव त्याच्या क्षयात उमटू शकतो. १९८७ मध्ये हॅम्बुर्गच्या आर्गस प्रयोगात बी-मेसॉन अपेक्षेपेक्षा जास्त प्रमाणात स्वतःच्या प्रतिकणात बदलताना दिसले. तोवर न सापडलेला टॉप क्वार्क खूप जड असणार, हे त्यावरून कळलं. तो प्रत्यक्ष सापडला १९९५ मध्ये!

जुळे_सोलापूरकर: आणि २०२१ चं काय? जिनिव्हाच्या सर्न प्रयोगशाळेतल्या एलएचसीबी प्रयोगानं सांगितलं, बी-मेसॉनच्या एका क्षयात इलेक्ट्रॉनच्या मानानं म्युऑन (इलेक्ट्रॉनचा जड भाऊ) कमी दिसतात; सिद्धान्तानं दोन्ही जवळपास सारखे हवेत. फरक ३.१ सिग्मा, म्हणजे निव्वळ योगायोगाची शक्यता फार कमी. केवढा गाजावाजा झाला. डिसेंबर २०२२ मध्ये त्यांनीच सांगितलं, फरक नाही. दुसरेच कण इलेक्ट्रॉन म्हणून मोजले गेले होते. इथं नळाला रोज पाणी येत नाही. हुशार पोरीनं त्यावर डोकं चालवावं.

सातरस्ता_सोलापूर: त्यांची चूक बाहेरच्या कुणी पकडली नाही, त्यांनीच शोधली आणि जाहीर केली. मला तर त्यामुळं या लोकांवर जास्त भरवसा वाटतो. पाण्याचं म्हणाल, तर उजनीचं पाणी नियोजनात अडलंय. भाचीनं विषय बदलला म्हणून ते सुटणार आहे का?

अक्कलकोटरोड_मास्तर: विषय घ्यावा, पण ‘नवं भौतिकशास्त्र शोधतेय’ असं म्हणू नये. बी-मेसॉनपासून के-स्टार नावाचा कण आणि दोन म्युऑन तयार होतात, त्यांच्या कोनांचं गणित २०१३ पासून सिद्धान्ताशी नीट जुळत नाही. पण चार्म या दुसऱ्या एका क्वार्कचा त्यातला वाटा अचूक काढणं फार अवघड, त्यामुळं दोष सिद्धान्ताच्या हिशोबातही असू शकतो. तिनं पार्श्वभूमीचे, म्हणजे हव्या त्या कणांसारखे भासणारे दुसरे कण वेगळे कसे काढतात ते शिकावं. २०२२ चा निकाल त्यावरच फिरला. सर्नचा खुला डेटा आहे, जिनिव्हाला जायची गरज नाही.

जुळे_सोलापूरकर: म्हणजे पायथॉन, संख्याशास्त्र येईल, पुण्यात नोकरी लागेल. असं सांगा की, मग विरोध कशाला?

सातरस्ता_सोलापूर: नाही, नोकरीचं नाव पुढं करून मी परवानगी मागणार नाही. बी-मेसॉनचे डी-मेसॉनसोबत टाऊ (म्युऑनहूनही जड भाऊ) निघणारे क्षय सिद्धान्तापेक्षा जास्त दिसतात, सरासरी काढली तरी तीन सिग्माच्या आसपास. जपानच्या बेल-२ मध्येही त्यावर काम चालू आहे आणि त्या प्रयोगात भारतीय संस्था आहेत. तिला तिथं पोहोचायचंय.