मदत हवी आहे: हातातला जीपीएस कुठला घेऊ?

मंडळी, बेळगावकडचं जांबोटी सोडून कणकुंबीच्या रानात शिरलं की मोबाईलची रेंज गुल, आणि पावसात ओल्या बोटांना टचस्क्रीन दाद देत नाही. म्हणून जिओकॅशिंगसाठी (जीपीएसवरून लपवलेले डबे हुडकायचा खेळ) बटणांचा जीपीएस घ्यायचाय. गार्मिन ईट्रेक्स २२एक्स की ३२एक्स? दोन्ही दोन एए सेलवर चालतात, हे बरं. सेल खानापुरातही मिळतात. ३२एक्सला होकायंत्र आहे, जागेवर उभं राहूनही दिशा कळते. २२एक्सला चार पावलं चालावं लागतं. झाडीत डबा हुडकताना एवढ्यासाठी जादा पैसे घालावेत का? शिवाय चोर्ला घाटातून गोव्याला जाताना गाडीत हाच पुरेल? बोलून वाट सांगत नाही, एवढीच अडचण. ओपनस्ट्रीटमॅपचा (लोकांनी मिळून केलेला, फुकट) नकाशा याच्या मेमरी कार्डावर कुणी टाकलाय? गावांची नावं मराठी-कन्नडात नीट दिसतात की नुसते चौकोन? वापरणाऱ्यांनीच सांगा, दुकानदाराचं ऐकून झालंय.