अनुभव धागा : मुलांचा पहिला पियानो कसा निवडलात?

लेक सात वर्षांची आहे. जूनपासून क्लासला जाते आणि आता बाई म्हणतात, घरी वाद्य हवंच. धोबी तलावच्या फुर्टाडोजमध्ये जाऊन आलो. 1865 पासूनचं दुकान, माणसंही समजावून सांगणारी, पण एकाशेजारी एक मांडलेली इतकी वाद्यं पाहून निर्णय काही होईना. किमतींची यादी दुकानात मिळते. मला हवंय ते घरातलं : तुम्ही काय घेतलंत, का घेतलंत, मूल त्यावर रोज बसतं का? मुंबईतली घरं, शेजार आणि पावसाळा धरून लिहा.

विलेपार्ले

आमच्याकडे आजोबांची पेटी होती, त्यामुळे पट्ट्यांची ओळख मुलाला आधीपासून. पांढरी एक, काळी चार हे त्याला तोंडपाठ. पण पियानोसमोर पहिल्यांदा बसला तेव्हा पट्टी दाबून तसाच थांबला, सूर चालू राहील म्हणून. सूर हळूहळू विरला. त्याने पुन्हा दाबली, जास्त जोरात, आणि आवाज मोठा आला म्हणून दचकला. पेटीत लहान-मोठा आवाज भात्याच्या हाताकडे असतो. पियानोत पट्टी जितक्या वेगाने खाली जाते तितक्या जोराने आतला हातोडा तारेवर आपटतो आणि तेवढा आवाज निघतो. म्हणजे सगळं बोटात. माझ्या मते पहिलं वाद्य निवडताना हीच एक गोष्ट धरून बसावं.

म्हणून आम्ही 88 पट्ट्यांचा, हातोड्याच्या वजनाचा, म्हणजे खऱ्या पियानोसारख्या जड पट्ट्यांचा डिजिटल पियानो घेतला. यामाहा पी-45. वजन साडेअकरा किलो, त्यामुळे पाहुणे आले की एकट्याने उचलून आतल्या खोलीत नेता येतो. दुकानात पाचशे आवाज, तबल्याचे ठेके, रंगीत दिवे असलेले कीबोर्ड त्याच किमतीत दाखवतात. मुलाला तेच आवडतात, हे नक्की. तुम्ही मात्र आवाज बंद करून नुसत्या पट्ट्या दाबून बघा. खर्जाकडच्या जड आणि वर जाल तशा हलक्या लागल्या पाहिजेत. मग आवाज चालू करून एकच पट्टी अगदी हळू आणि मग जोरात. फरक स्पष्ट ऐकू आला की मग बाकीचं बघा.

दादर

वन रूम किचन, दोन मुलं. 88 पट्ट्यांचं वाद्य म्हणजे सव्वा मीटरहून थोडी जास्तच लांबी, ती भिंतच आमच्याकडे नाही. 61 पट्ट्यांचा कीबोर्ड घेतला, पण टच सेन्सिटिव्हच, म्हणजे बोटाच्या जोराप्रमाणे आवाज लहान-मोठा होणारा. पहिल्या वर्षाच्या पुस्तकातलं सगळं मधल्या चार सप्तकांत बसतं. जागा नसेल त्यांनी मन खट्टू करून घेऊ नये.

मुलुंड

मी शिकवते, म्हणून थोडं शिक्षिकेच्या बाजूने. दादरच्या ताईंचं बरोबर आहे, सुरुवात 61 वर होते. ट्रिनिटी किंवा एबीआरएसएम या लंडनच्या संस्थांच्या संगीत परीक्षा द्यायच्या असतील तर मात्र वजनदार पट्ट्यांवर लवकर या. हलक्या पट्ट्यांवर वाढलेली बोटं खऱ्या पियानोवर दमतात, सूर अर्धवट निघतात, आणि मूल समजतं आपल्यालाच येत नाही. तो चेहरा बघवत नाही.

वाद्याइतकंच स्टुलाकडे लक्ष द्या. कोपर पट्ट्यांच्या पातळीत हवं. जेवणाच्या खुर्चीवर बसवलं की खांदे वर जातात. पाय लोंबकळत असतील तर खाली पाट ठेवा. इंग्रजी एक्स आकाराचा स्टँड जड वाद्याखाली डुगडुगतो. चार पायांचा घ्या. आणि पायाने दाबून सूर लांबवायचं पेडल : वाद्याबरोबर येणारं बटणासारखं चौकोनी पेडल जमिनीवर सरकतं. पियानोच्या पेडलसारखं धातूचं वेगळं मिळतं, ते पहिल्या वर्षाअखेरीस घेतलं तरी चालेल.

चेंबूर

हेडफोन. शेजारी तान्हं बाळ आहे, मुलगा रात्री नऊनंतर वाजवतो, कुणाला कळतही नाही. आवाज कमी ठेवा, तासन्‌तास कानात नको.

गिरगाव

आम्ही जुना खरा पियानो घेतला, एका कुटुंबाने घर बदलताना विकायला काढलेला. नवऱ्याला आणि मला दोघांनाही तारेचाच आवाज हवा होता, आणि मुलीच्या कानावर तोच पडावा अशी इच्छा. घ्यायचाच असेल तर पैसे देण्याआधी सूर लावणाऱ्या ट्यूनरला सोबत न्या. आमच्या ट्यूनरकाकांनी आधी झाकण उघडून तारा गुंडाळलेल्या खुंट्या किल्लीने तपासल्या. खुंटी सैल असेल तर सूर लावला तरी टिकत नाही. आम्ही आधी पाहिलेला एक पियानो दिसायला देखणा होता, पण इतका उतरलेला की पांढरी एक दाबली तर तिच्या खालची पांढरी सात ऐकू यायची. काका म्हणाले, "वहिनी, हा ओढून वर आणायला गेलो तर तारा तुटतील." तो सोडला.

जिना मोजा. उभा पियानो दोनशे किलोंच्या पुढे जाऊ शकतो. यामाहाचा यू-1 तर 228 किलो आहे. हमाल आधी बोलावून चाळीच्या जिन्याचं वळण दाखवा. बाहेरच्या भिंतीला, खिडकीखाली किंवा एसीच्या झोतात ठेवू नका.

पावसाळ्यात लाकूड फुगतं, सूर चढतात, पट्ट्या अडकायला लागतात, हातोड्यांवरच्या लोकरीच्या नमद्याला कसर लागते. काकांनी आत खालच्या बाजूला, नमद्यापासून लांब, ओल मारायला छोटी हीटरची कांडी बसवून दिली आहे. जूनमध्ये चालू करतो. सूर लावून घ्यायचे ते हवा कोरडी झाल्यावर, दिवाळीनंतर. ऐन जुलैत लावलेले डिसेंबरात उतरतात, मग पुन्हा खर्च.