महिन्यातले अठरा दिवस बाहेर: सेवेसाठी पोट्टे शोधायचे का घर पाहायचं?

वावरातला सेवक (दारव्हा तालुका)

जय ख्रिस्त सगळ्यांले. बरेच दिवस लिहू का नको करत होतो, आज लिहूनच टाकतो.

माह्यं काम असं आहे की पुण्या-मुंबईच्या वस्त्यांत आणि नागपूरच्या झोपडपट्ट्यांत जी सेवा चालते, म्हणजे लेकरांचे संध्याकाळचे क्लास, दारू सोडणाऱ्यांच्या बैठका, घरगुती प्रार्थना, कोणाले दवाखान्यात घेऊन जाणं, त्यासाठी गावाकडच्या मंडळ्यांतून (चर्चमधून) तरुण पोट्टेपोट्टी शोधायचे, त्यांच्या मायबापाशी बोलायचं, पाचारण (देवाचं बोलावणं) खरं वाटलं तर शहरातल्या टीमकडे पाठवायचं. सात वर्षं झाली. महिन्यातले पंधरा ते अठरा दिवस मी बाहेर असतो. धामणगावहून संध्याकाळची विदर्भ एक्सप्रेस पकडली की सकाळी मुंबई, नाहीतर यवतमाळहून रात्रीची ट्रॅव्हल्स आणि पुणे. घरी बायको, दोन लेकरं, बावाजी (माहे वडील) आणि साडेतीन एकर कोरडवाहू.

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत मी पुण्यात तरुण शिबिरात होतो. इकडे सोयाबीन सोंगून गंजी लावलेली, हडंबा (मळणीचं मशीन) दोन दिवसांनी येणार होता, आणि रात्री पाणी आलं. बावाजीले शुगर, पायाले जखम, त्याईले उठता येत नाही. बायको आणि नऊ वर्षाची पोरगी टॉर्च घेऊन वावरात गेल्या, ताडपत्री एका बाजूनं दाबली की दुसऱ्या बाजूनं उडे. अर्धी गंजी भिजली, शेंगांले कोंब आले, व्यापाऱ्यानं भाव पाडला. मले हे चार दिवसांनी कळलं कारण तिनं फोनवर सांगितलंच नाही, म्हणे तुम्ही शिबिरात होते, तुमच्या डोक्यात काय टाकू. आणि त्याच रात्री मी तिथं उभा राहून विचारत होतो की प्रभूसाठी घरदार सोडून निघायले कोण तयार आहे. अकरा पोट्टे उभे राहिले. तेव्हापासून ते वाक्य माह्या तोंडून निघत नाही.

खरी अडचण तारखांची आहे. पोट्टे मोकळे केव्हा असतात, तर दिवाळीत आणि मे महिन्यात. दिवाळी म्हणजे सोयाबीन आणि कापसाचा पहिला वेचा. मे म्हणजे माह्या लेकरांची सुट्टी, वर खरिपाची तयारी, पीककर्जाचे कागद. शहरातलं ऑफिस कॅलेंडर बनवते ते कॉलेज पाहून, वावर कोणी पाहत नाही. म्हणजे घरी माह्यी गरज जेव्हा सगळ्यात जास्त, तेव्हाच मी नसतो, आणि हे चुकून होत नाही, दरवर्षी ठरवून होते.

माह्यं मत हेच बनलं आहे की सोंगणी ते पहिला वेचा हे दिवस दौरे बंद पाहिजेत आणि वर्षाचं कॅलेंडर बायकोला विचारून बनलं पाहिजे, विचारून म्हणजे सांगून नाही. तुम्हाले काय वाटते, मोकळं सांगा.

जुना माणूस, यवतमाळ

भाऊ, तुमचं दुःख समजते. पण मी वेगळं बोलीन. यवतमाळात 1953 साली युनियन बिब्लिकल सेमिनरी (बायबलचं कॉलेज) सुरू झाली, तेव्हा दुसऱ्या प्रांतातले पोरं इथं शिकायले येत, त्याईच्या बोलीचा एक शब्द आपल्याले कळत नसे पण रविवारी आपल्या मंडळीत येऊन बसत. 1983 ला सेमिनरी पुण्याला गेली. आता कोणी आपल्या दारात येत नाही, आपल्यालेच आपले पोट्टे घेऊन जावं लागते. तुमच्यासारखे दोन-चार लोक फिरतात म्हणून तेवढं तरी होते. पीक फार आहे आणि कामकरी थोडे, हे प्रभूनंच सांगितलं. नांगराले हात घातल्यावर मागे पाहू नये हेही त्यानंच सांगितलं, लूक 9:62. कवी नारायण वामन टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला तेव्हा घर तुटलं, जात तुटली, ते थांबले काय? थांबले असते तर आपल्या मंडळ्यांमधे जी भजनं म्हणतो ती कुठून आली असती. एक गंजी भिजली म्हणून दौरा बंद करायचा हे मले पटत नाही.

अचलपूरची ताई

काका, तुमचा मान राखून बोलते. टिळकांचं तुम्ही सांगितलं, त्यांच्या बायकोचं, लक्ष्मीबाईंचं कोण सांगणार? ते निघून गेले तेव्हा ती बाई लहान दत्तूले घेऊन नातेवाईकांच्या आधारानं जवळपास पाच वर्षं राहिली, लोकांचं बोलणं खाल्लं, 1900 साली तिचा बाप्तिस्मा झाला तो तिच्या स्वतःच्या मनानं झाला, नवऱ्याच्या मागं फरफटत नाही. ते दिवस कसे गेले हे तिनं स्वतः लिहून ठेवलं म्हणून आपल्याले कळते, नाहीतर आपण आजही फक्त टिळकांचा त्याग सांगत बसलो असतो. माझे मिस्टर पण मेळघाटाकडे सेवेत आहेत, मी अकरा वर्षं हेच जगते आहे. त्यांच्या रिपोर्टमधे किती घरं भेटले, किती सभा झाल्या, सगळं येते. पाहुणे जेवले किती, सासऱ्याचं पथ्य कोणी केलं, मंडळीतल्या बाया रात्री अपरात्री रडत कोणाच्या दाराशी आल्या, हे कोणत्या रकान्यात लिहायचं? गंजी एक नव्हती काका, त्या बाईची वर्षभराची मेहनत होती.

जुना माणूस, यवतमाळ

ताई, एक गंजी म्हटलं ते चुकलं माझं, मागं घेतो. बाकी मत तेच आहे.

पाळकाचा पोरगा

मी जास्त लिहिणार नाही. माझे बाबा पाळक होते, तीन मंडळ्या सायकलवर. दुसऱ्यांच्या पोरांसाठी ते रात्रभर प्रार्थनेत जागत, माझ्या दहावीच्या निकालाच्या दिवशी ते उपवास सभेत होते. आज ते नाहीत, मी मंडळीत जातो पण सेवेत कधीच गेलो नाही आणि जाणार पण नाही. सेवक भाऊ, तुम्ही अकरा पोट्टे उभे केले, पण घरातलं एक पोट्टं कायमचं बसलं तर ते कोणी मोजत नाही.

चाकणवाला

मी दुसऱ्या बाजूनं लिहितो कारण मी अशाच एका भाऊमुळे इथं आहे. घाटंजीकडचा आहे मी. बारावीनंतर दोन वर्षं नुसता फिरत होतो. एक सेवक आमच्या घरी आले, एकदा नाही चारदा आले, मायनं पहिल्यांदा चहा पण दिला नाही. चौथ्यांदा आले तेव्हा बापासोबत वावरात निंदण करू लागले मग बाप बोलला. आज मी चाकणला कंपनीत जाणाऱ्या पोरांमधे काम करतो, त्यातले किती तरी यवतमाळ, वाशिम, बुलढाण्याचे. एका खोलीत सहा-सात जण, शिफ्ट बदलते तशी गादी बदलते, पगार झाला की दारू. त्यांच्याशी पुण्याचा शिकलेला माणूस बोलला तर ते हो सर हो सर करतात आणि निघून जातात, मी "काऊन बे जेवला का" म्हटलं की ते बसतात. हे काम वऱ्हाडी पोरगाच करू शकते आणि वऱ्हाडी पोरगा आणायले कोणीतरी वऱ्हाडात फिरलंच पाहिजे. त्या भाऊच्या घरी तेव्हा काय चालू होतं मी कधी विचारलं नाही, आज हे वाचून पहिल्यांदा मनात आलं. पण ते आले नसते तर मी कुठं असतो? त्यामुळे दौरे कमी करा म्हणणाऱ्यांसोबत मी नाही.

अकोटकडचा

एवढं कशाला, व्हिडिओ कॉलवर मुलाखत घ्या ना. सगळ्यांकडे फोन आहे आता.

वावरातला सेवक (दारव्हा तालुका)

अकोटवाले भाऊ, करून पाहिलं, लॉकडाऊनमधे दीड वर्ष तेच केलं. फोनवर सगळेच पोट्टे चांगले बोलतात. घरी गेल्यावर कळते की हा पाचारणानं नाही निघून राह्यला, हा बापाच्या कर्जापासून पळून राह्यला, नाहीतर एका पोरीचं लग्न झालं म्हणून गाव सोडून राह्यला. असा पोट्टा शहरात चार महिने टिकते, मग भाडं थकते, एकटा पडते आणि परत येतानी मंडळीवर राग घेऊन येते. आणि मायबापाची संमती फोनवर घेता येत नाही. माय हो म्हणते पण चुलीकडे पाहून म्हणते, ते समोर बसल्याशिवाय दिसत नाही. म्हणून चाकणच्या भाऊचं मले पटते, जावंच लागते. केव्हा आणि किती, एवढाच माह्या प्रश्न आहे.

वर्धेकर

मले एक समजत नाही, सेवेवरच एवढी चर्चा कायले? ट्रक ड्रायव्हर महिना महिना बाहेर असते, फौजी वर्षातून दोनदा घरी येते, आपल्या इकडचे लोक ऊसतोडीले, वीटभट्टीवर जातात, त्यांच्या बायका नाही सांभाळत घर? सेवकाची बायको काही वेगळी आहे काय.

अचलपूरची ताई

सांभाळतात, आणि त्यांच्याही घरी काय होते ते जाऊन पाहा. पण फरक सांगते. फौजीची सुट्टी कागदावर असते, पगार एक तारखेले खात्यात असते, मेला तर पेन्शन असते. सेवकाचा आधार म्हणजे चार मंडळ्यांचं दान, एका मंडळीत भांडण झालं की तेवढा महिना कमी. आणि फौजीच्या बायकोले कोणी म्हणत नाही की तू थकली म्हणजे तुझा विश्वास कमी आहे. मले म्हटलं आहे, आपल्याच लोकांनी.

वचनाचा अभ्यासक, वणी

दोन्ही बाजू वचन देतात म्हणून लिहितो. लूक 14:26 मधे बायको-लेकरांपेक्षा प्रभूवर जास्त प्रेम पाहिजे असं आहे, बरोबर. पण तीमथ्याच्या पहिल्या पत्रात 3:5 ला पौल विचारतो की ज्याले स्वतःचं घर चालवता येत नाही तो मंडळी काय सांभाळील, आणि 5:8 ला तर घरच्यांची तरतूद न करणाऱ्याले विश्वास नसलेल्यापेक्षा वाईट म्हटलं. अनुवाद 24:5 काढून पाहा, नवीन लग्न झालेल्याले एक वर्ष लढाईवर पाठवायचं नाही, बायकोले आनंदी ठेवायले घरी राहू द्यायचं. लढाई बंद नव्हती, माणसाची गरज होती, तरी नियम केला. म्हणजे हंगामाची सुट्टी मागणं हे अविश्वासाचं लक्षण नाही.

एक अजून. मिशनरी विल्यम केरीचं नाव आपण मोठ्या आदरानं घेतो, 1805 साली मराठीचं व्याकरण छापलं त्यानं. 1793 ला तो बंगालात आला, पुढच्याच वर्षी त्याचा लहान पोरगा पीटर वारला, आणि त्याची बायको डोरोथी मनानं अशी मोडली की 1807 ला मरेपर्यंत सावरली नाही. तिले मुळात यायचंच नव्हतं. केरीचं काम खोटं ठरत नाही यानं. पण गोष्ट सांगायची तर डोरोथीसकट सांगा.

जुना माणूस, यवतमाळ

डोरोथीचं माहीत होतं मले. व्यासपीठावरून कधी सांगितलं नाही हे खरं.

पण वणीवाले भाऊ, पौल स्वतः एकटा होता, लग्नवाल्याचं मन वाटलेलं असते हे त्यानंच लिहिलं. मग ज्याचं मन वाटलेलं आहे त्यानं फिरतीचं काम कायले घ्यावं? बिनलग्नाच्या पोरांले द्या फिरती, सेवक भाऊनं दारव्ह्यात मंडळी पाहावी. हे कठीण वाटेल पण मनापासून बोलतो.

चाकणवाला

काका, बिनलग्नाचं पोरगं आमच्या घरी आलं असतं तर मायनं दारातूनच परत पाठवलं असतं. तिनं त्या भाऊले पहिला प्रश्न हाच विचारला होता, तुम्हाले लेकरं आहेत का.

वावरातला सेवक (दारव्हा तालुका)

सगळ्यांचं दोनदा वाचलं. काल रात्री बायकोले पूर्ण वाचून दाखवलं, पाळकाच्या पोराचं वाचतानी मले थांबावं लागलं. दादा, तुमचे बाबा आज असते तर काय म्हटले असते मले सांगता येत नाही, पण तुम्ही लिहिलं ते मी विसरणार नाही.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणे, दौरा सोडा असं मी कधी म्हटलं नाही, तुम्हीच मनानं धरून बसले. मले दोन गोष्टी पाहिजेत. हडंबा लागून सोयाबीन घरात येईपर्यंत आणि पहिला वेचा होईपर्यंत तुम्ही गावात पाहिजे. आणि फेब्रुवारीत वावर मोकळं झालं की दिग्रस, पुसदच्या घरभेटीले मी येते सोबत, दोन दिवस नणंद थांबेल बावाजीपाशी. म्हणे तुम्ही बापासंग बोलता आणि पोरगं घेऊन येता, माय काय बोलते ते तुम्हाले आजपर्यंत समजलं नाही.

आज शहरातल्या ऑफिसात फोन करून सांगितलं की यंदा दिवाळीच्या शिबिराले मी नाही. ते म्हणे अकरा पोट्टे मागच्या वेळी तुमच्यामुळे उभे राहिले, तुमच्या जागी कोण. मी म्हटलं माणूस शोधा, अजून वेळ आहे, नाहीतर शिबिर जानेवारीत घ्या. हो म्हटले नाहीत. विचार करून कळवतो म्हटले.

जुना माणूस, यवतमाळ

जानेवारीत कॉलेजचे पोट्टे येणार नाहीत भाऊ, तीस-चाळीसचे सात-आठ होतील. तुमचं चुकून राह्यलं असं मले अजूनही वाटते. पण शिबिराच्या तारखा मले पाठवा, माझे गुडघे साथ देत असतील तर मी जाऊन येतो तुमच्या जागी.